शुद्ध रक्त आणि बंद नोंदवही

डाल्मेशियन कुत्रा तुम्हाला माहीत असेल: पांढरा, अंगभर काळे ठिपके. या जातीत मूतखड्यांचा त्रास फार. कारण एसएलसी२ए९ या जनुकातला दोष. त्यामुळे लघवीत यूरिक आम्ल जास्त उतरतं. एक चांगली प्रत असली तरी कुत्र्याचं भागतं. पण जातीत ती एक प्रतही उरली नव्हती.

मग तुम्ही म्हणाल, निरोगी नर-मादी निवडा. निवडणार कुठून? नोंदवही बंद! आई-बाप दोघेही नोंदलेले असतील तरच पिल्लू 'शुद्ध'. म्हणजे हरवलेली प्रत बाहेरूनच आणावी लागणार.

१९७३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट शाइबल या आनुवंशशास्त्रज्ञाने डाल्मेशियनचा पॉइंटरशी एकच संकर केला. पुढे दर पिढीत चांगली प्रत असलेलं पिल्लू निवडायचं आणि पुन्हा डाल्मेशियनशीच जोडी लावायची. दर वेळी पॉइंटरचा वाटा सरासरी निम्मा होतो; पाचव्या पिढीत उरतो बत्तिसावा हिस्सा. १९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने अशा दोन कुत्र्यांची नोंद केलीसुद्धा. पण जातीच्या क्लबमधून विरोध झाला आणि पुढची नोंदणी थांबली. नेमका दोष २००८ मध्ये सापडला. दार उघडलं २०११ मध्ये.

उपाय हाताशी असून तीस वर्षं गेली. म्हणून वंशावळीची नोंदवही अभ्यासाला घ्याल तेव्हा नुसती आतली नावं मोजू नका. बाहेर कोणाला ठेवलं आणि तो नियम कोणी केला, हेही विचारा. जनुकीय विविधता कमी होण्यामागे निसर्गाइतकाच कारकुनी नियमही असू शकतो.