गोष्ट सांगणारीचे नाव

जर्मनीतील कासेल शहरी २०१५ साली ‘ग्रिमवेल्ट’ हे संग्रहालय उघडले. ग्रिम बंधू आणि त्यांच्या परीकथा हा त्याचा विषय. संग्रहालय म्हटले की ‘हात लावू नये’ ही पाटी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. येथे प्रकार उलटा. काटेरी कुंपणातून वाट काढावी, बोलक्या आरशासमोर उभे राहावे. नातू आणि आजोबा दोघांनाही तेथे करण्यासारखे काही आहे. यात नवल वाटायला नको. गोष्ट ही मुळात दोघांची कमाई असते, सांगणाराची आणि हुंकार देणाराची. या मांडणीने हुंकार देणाराला त्याचे काम परत दिले. मग सांगणाराचे काय, हा आजचा माझा प्रश्न आहे.

याकोब आणि विल्हेल्म ग्रिम यांच्या कथासंग्रहाचा पहिला खंड १८१२ साली आणि दुसरा १८१५ साली निघाला. हे दोघे भाऊ खेडोपाडी हिंडून कथा गोळा करीत, अशी समजूत आहे. खरे पाहता पुष्कळ कथा त्यांना घरबसल्या मिळाल्या, त्याही शहरातील सुशिक्षित घरांतल्या तरुण मुलींकडून. दुसऱ्या खंडाचा मोठा आधार मात्र डोरोथेआ फीमान ही बाई होती. १७५५ सालचा तिचा जन्म, बाप खानावळवाला, नवरा शिंपी. बापाच्या खानावळीत उतरणाऱ्या गाडीवानांच्या आणि वाटसरूंच्या गोष्टी ऐकत ती वाढली. पुढे कासेलच्या बाजारात माल विकायला येई, तेव्हा ग्रिम बंधूंकडे बसून कथा सांगे. अशा सुमारे चाळीस कथा तिने दिल्या. प्रथम सहज सांगायची, मग लिहून घेता यावी म्हणून पुन्हा सावकाश सांगायची. चूक झाली तर स्वतःच दुरुस्त करायची. असे काम ज्याने केले आहे, तो याला कसब म्हणेल.

प्रस्तावनेत विल्हेल्मने तिची स्तुती केली, पण तिला शेतकरीण म्हटले. १८१९ च्या आवृत्तीत तिचे चित्रही छापले. परंतु ते पाहायला ती उरली नव्हती. १८१५ सालीच ती वारली होती. ग्रिम बंधूंनी स्वतःजवळ ठेवलेल्या प्रतींत कोणती कथा कोणाकडून ऐकली याच्या नोंदी हाताने केलेल्या आहेत. २००५ साली युनेस्कोने या प्रती जगाच्या स्मृतिठेव्यात नोंदवल्या. म्हणजे मुखपृष्ठावर संपादकांची नावे, आणि सांगणारांची नावे समासात!

अशी नावे छापण्याचा एक दाखला आपल्या दख्खनचाही आहे. १८६८ साली मेरी फ्रिअर हिचे ‘ओल्ड डेक्कन डेज’ निघाले. ती मुंबईच्या गव्हर्नराची मुलगी. कथा सांगितल्या तिच्या आयेने, अ‍ॅना लिबेराता डिसूझा हिने. या पुस्तकात अ‍ॅनाचे नाव आहे, आणि तिच्या तोंडची तिची स्वतःची हकिकतही आहे. मुखपृष्ठाचा मान मात्र तेथेही मालकिणीलाच.

ग्रिम बंधूंचे श्रेय मी कमी करीत नाही. त्यांनी लिहून ठेवले नसते, तर यांतील कित्येक कथा त्या बायांबरोबरच गेल्या असत्या. म्हणणे इतकेच की कापडाच्या ताग्यावर गिरणीचा छाप असतो, विणणाराचा नसतो. कथेच्या बाबतीत तरी हा हिशेब बदलावा. आरशासमोर उभ्या राहिलेल्या मुलाने एकदा विचारावे, “ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली कोणी?” आणि त्याला उत्तर मिळावे.