टू किल अ मॉकिंगबर्ड : कुटुंब आणि वर्णसंबंध

अमेरिकन लेखिका हार्पर ली (२८ एप्रिल १९२६ – १९ फेब्रुवारी २०१६) यांची ११ जुलै १९६० रोजी प्रसिद्ध झालेली कादंबरी. तिला १९६१ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी आलेल्या चित्रपटात ग्रेगरी पेक यांनी साकारलेल्या ॲटिकस फिंच या वकिलाच्या भूमिकेला ऑस्कर मिळाले. वर्णभेदाचा प्रश्न न्यायालयाबरोबरच घरातही उभा करणे, हे या कादंबरीचे खरे बळ आहे.

कथानक : काळ १९३० नंतरच्या महामंदीचा, स्थळ अलाबामा राज्यातील मेकम हे काल्पनिक गाव. विधुर वकील ॲटिकस फिंच, त्याचा मुलगा जेम आणि मुलगी स्काउट हे कुटुंब; निवेदन स्काउटचे. मायेला युएल या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आळ टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर येतो आणि ॲटिकस त्याचे वकीलपत्र घेतो. मायेलाच्या जखमा चेहऱ्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे मारणाऱ्याच्या डाव्या हाताने झालेल्या आहेत, तर टॉमचा डावा हात लहानपणीच कापसाच्या जिनिंग यंत्रात सापडून निकामी झालेला आहे. तरीही ज्यूरी त्याला दोषी ठरवते. तुरुंगातून पळू पाहताना तो गोळ्यांना बळी पडतो. मायेलाची आपल्याला कीव आली, असे टॉम साक्षीत सांगून जातो. काळ्या माणसाने गोऱ्या बाईची कीव करावी, हेच तिथे अक्षम्य ठरते.

घरातील नाती : आई नसलेल्या या मुलांना कॅलपर्निया ही कृष्णवर्णीय स्त्री वाढवते. रांधणे-वाढणे तर तिच्याकडे आहेच. स्काउटला अक्षर गिरवायला लावणारी आणि पाहुण्याचा जेवताना अपमान केला म्हणून पानावरून उठवणारीही तीच. अलेक्झांड्रा आत्या घरी राहायला येते आणि कॅलपर्नियाला काढून टाकण्याचा हट्ट धरते. ती कुटुंबातलीच आहे, असे सांगून ॲटिकस तो झिडकारतो.

एका रविवारी कॅलपर्निया मुलांना आपल्या चर्चमध्ये नेते. मुक्त झालेल्या गुलामांच्या पहिल्या कमाईतून ते विकत घेतलेले आहे. तिथे स्तोत्रांची पुस्तके नाहीत. तिचा मुलगा झीबो एकेक ओळ म्हणतो आणि मागून सारे गातात, कारण वाचता येणारी माणसे मोजकीच. आपल्या माणसांत कॅलपर्नियाची बोलीही बदलते. तिला स्वतःचे घर आहे, मुलगा आहे, हे स्काउटच्या तेव्हा कुठे ध्यानात येते. तुझ्या घरी येऊ का, असे ती विचारते. आत्या साफ नकार देते आणि ती भेट कादंबरीत कधीच होत नाही. कॅलपर्निया रोज फिंचांच्या घरी येते. फिंचांच्या मुलीला तिच्या उंबऱ्यापर्यंत जाता येत नाही. कुटुंबातली म्हणून तिला मिळालेला मान खरा आहे, पण तो एकाच घराच्या भिंतींत मावणारा आहे. कृष्णवर्णीय स्त्रीबरोबर संसार मांडलेल्या डॉल्फस रेमंड या गोऱ्या जमीनदाराची मुले तर दोन्ही समाजांना परकी ठरतात.

प्रतिक्रिया : १९६६ मध्ये व्हर्जिनियातील हॅनोव्हर काउंटीच्या शाळा मंडळाने ही कादंबरी अनैतिक ठरवून हटवली. पुढे आक्षेपांचा रोख बदलला : वर्णद्वेषी शिव्यांचा वापर, कृष्णवर्णीय पात्रांचे बाहेरून झालेले चित्रण आणि गोऱ्या तारणहाराचा गौरव. या आक्षेपांत तथ्य आहे. टॉमची बायको हेलन आपल्याला प्रामुख्याने दुसऱ्यांच्या नजरेतून दिसते.

आधी लिहिलेली, पण २०१५ मध्ये प्रकाशित झालेली ‘गो सेट अ वॉचमन’ ही कादंबरी वर्णभेदाचे समर्थन करणारा वृद्ध ॲटिकस दाखवते. त्याने वाचक हादरले. त्याहून बोचरा प्रसंग कॅलपर्नियाच्या घरातला आहे. सव्वीस वर्षांची स्काउट अखेर तिथे जाते, तेव्हा कॅलपर्निया तिच्याशी परक्या गोऱ्या पाहुणीशी बोलावे तसे अदबीने बोलते. तू आमचा द्वेष करत होतीस का, असे स्काउट विचारते. बराच वेळ गप्प राहून कॅलपर्निया नकारार्थी मान हलवते. लहानपणी नाकारलेली भेट इथे घडते, पण उंबरा ओलांडूनही अंतर उरते.