मद्यपान, रक्तदाब आणि हृदय

अतिमद्यपान आणि उच्च रक्तदाब यांचा संबंध नवा नाही. फ्रेंच सैन्यातील डॉक्टर कामिय लियाँ यांनी १९१५ मध्येच तो नोंदवला होता. मद्यामुळे रक्तदाब वाढवणारी चेतासंस्था व संप्रेरके उत्तेजित होतात. दाब सतत १४०/९० किंवा त्याहून अधिक राहिला, तर हृदयाच्या डाव्या जवनिकेची भिंत जाड व ताठर होते. दुसरीकडे, वर्षानुवर्षांचे अतिमद्यपान हृदयाचा स्नायूच दुबळा करते. हृदय फुगते व रक्त पुढे ढकलण्याची त्याची शक्ती घटते. ठोके अनियमित झाल्यास हृदयात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका संभवतो.

उच्च रक्तदाब बहुधा लक्षणांविना वाढतो. त्यामुळे ‘मला काही त्रास नाही’ हा निर्वाळा फसवा ठरतो. मेहकरसारख्या तालुक्याच्या गावीही ग्रामीण रुग्णालयात रक्तदाब मोजता येतो. त्यासाठी बुलढाणा वा अकोला गाठण्याची गरज नाही. मात्र मद्यपानाची सवय डॉक्टरांपासून लपवू नये. अतिमद्यपान कमी केल्यास काही आठवड्यांत रक्तदाब उतरू शकतो. रोज भरपूर पिणाऱ्याने ते एकाएकी थांबवल्यास फिट येण्याचा धोका असतो. म्हणून व्यसन वैद्यकीय देखरेखीखालीच सोडावे.