आधी फळ, मग लग्न

जबलपूरच्या सावलीचे श्रेय छावणी आणि सिव्हिल लाइन्स वसवणाऱ्या इंग्रजांना देऊन टाकण्याची सवय जुनी आहे. पण जबलपूर ज्यात होते ते गढा-मंडल्याचे गोंड राज्य 1781मध्ये सागरच्या मराठ्यांकडे आले, 1798मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांना मिळाला आणि 1817च्या अखेरीस त्यांच्याही हातून इंग्रजांकडे गेला. मालक असे बदलत राहिले, तरी अमराई लावणे, तिच्यात विहीर खणणे आणि पुढे तिचे लग्न लावणे ही रीत चालूच होती. तिचा सर्वांत चांगला साक्षीदार मात्र एक इंग्रजच आहे. ठगांच्या बंदोबस्तासाठी नावाजलेल्या विल्यम स्लीमनने या भागात बरीच वर्षे काढली आणि 1844मध्ये छापलेल्या आपल्या आठवणींच्या ग्रंथात झाडांच्या लग्नाची हकिगत नोंदवून ठेवली.

रीत अशी होती: आंब्याची बाग लावणाऱ्याने आणि त्याच्या बायकोने, बागेतल्या एका आंब्याचे दुसऱ्या झाडाशी, बहुधा चिंचेशी, लग्न लावल्याशिवाय तिचे फळ चाखायचे नाही. गाव आणि छावणी यांच्या मधोमध बरजोर सिंग नावाच्या वृद्ध गृहस्थाची अशी बाग होती. पक्क्या विहिरी, भिंती, लागवड आणि पाणी घालणे यांतच त्याचा पैसा इतका संपला की लग्नाला काही उरले नाही. 1833मध्ये पहिले झाड फळाला आले. मुले आंबे खाताहेत आणि नवराबायको नुसती बघताहेत, अशी स्थिती. शेवटी दोघांनी सोन्याचांदीचे दागिने विकले, कर्ज काढले, लग्न लावले आणि जून 1834मध्ये आंबा चाखला. ब्राह्मण मात्र दीडशेच जेवू घालता आले, याची खंत म्हाताऱ्याला राहिलीच. नवरीची कथा आणखी बोलकी आहे. बागेतली एकुलती एक चिंच लग्नाआधीच वाळली, म्हणून एक चमेली आणून आंब्याशेजारी लावली आणि एकाच मांडवाखाली विधी उरकला. पुढे माळ्याने तिच्याकडे लक्ष दिले नाही, आणि तीही गेली.

स्लीमनला यात गंमत दिसली, आणि ती आहेच. पण बागकामाच्या नजरेने पाहिले तर या हकिगतीत एक प्रयोगच घडलेला आहे. ज्या आंब्याला विहीर, भिंत आणि वर्षानुवर्षे पाणी मिळाले तो फळापर्यंत पोचला. जिला फक्त समारंभ मिळाला ती चमेली वाळली. तेव्हा झाड जगवले ते श्रद्धेने, असे म्हणता येत नाही. श्रद्धेने काम केले ते वेगळे: तिने सोहळा शेवटी ठेवला. तो रोप लावण्याशी नव्हे, फळ चाखण्याशी जोडलेला होता. बरजोर सिंगाच्या बागेत मांडव उभा राहिला तो फळ धरल्यावर, म्हणजे जगण्याची खात्री झाल्यावर. जबलपूरला पाऊस चांगला, वर्षाला सुमारे 1,300 मिलिमीटर. पण तो बहुतेक चार महिन्यांत पडून जातो. मग काळी जमीन आक्रसते, तिला भेगा पडतात, कोवळी मुळे तुटतात. रोपाचे भवितव्य ठरते ते पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत, आणि तिथे आळे, काटेरी कुंपण आणि कावडीभर पाणी यांना पर्याय नाही. मराठी राज्यकर्त्यांनाही हे ठाऊक होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडासाठीसुद्धा रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये असे बजावले आहे. कारणही व्यवहाराचे दिले आहे: ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती मुलांसारखी वाढवलेली असतात.

यावर कोणी म्हणेल, अमराई ही खाजगी मालमत्ता. सार्वजनिक सावलीशी तिचा काय संबंध? याचे उत्तर ठगांच्या इतिहासातच मिळते. वाटसरू आणि तांडे अमराईत मुक्काम करत, हे ठगांना पक्के माहीत होते. शेजारच्या नरसिंहपूर जिल्ह्यात आपण दंडाधिकारी असताना सागर-भोपाळच्या वाटेवरची मंडेसूरची अमराई हिंदुस्थानातल्या मोठ्या खूनस्थळांपैकी एक होती, अशी कबुली स्लीमनने पुढे स्वतःच दिली. पुरावा भीषण आहे. पण सावली सर्वांना खुली होती, एवढे त्यातून सिद्ध होतेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सरकारलाही झाडे जगवता येतात. बर्लिनमध्ये 1647 साली राजवाड्यापासून शिकारबागेपर्यंत लिंडनची दुतर्फा रांग लावली गेली. आजची झाडे त्या वेळची नाहीत, तरी रस्ता अजून लिंडनचाच आहे. जबलपूरच्या छावणीतली जुनी झाडेही सरकारी जमिनीवरची. मान्य. पण दोन्हीकडे राखणारा ठरलेला होता. बर्लिनमध्ये मेलेल्या झाडाजागी पुन्हा झाड लावले गेले आणि छावणीतल्या बंगल्यांना माळी होते. लिंडन थंड मुलखाचे झाड, त्याला इथला मे महिना सोसणार नाही. आपल्याकडे आंबा, चिंच, कडुनिंब आहेत. उणीव झाडांची नाही, राखणाऱ्याची आहे. 2 जुलै 2017 रोजी मध्य प्रदेशात नर्मदेच्या खोऱ्यात 12 तासांत सहा कोटींहून अधिक रोपे लावल्याचे जाहीर झाले. जगली किती, यावर पुढे वाद झाला. तो होणारच होता, कारण विक्रम खड्ड्याच्या दिवशीच जाहीर करून झाला होता. तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत थांबण्याचे कोणाला कारणच उरले नव्हते.

जुन्या रितीचे गोडवे गाण्यात एक धोका आहे. तिला पैसा लागे, प्रतिष्ठेची हाव लागे आणि बरजोर सिंगासारखा माणूस तिच्यापायी कर्जात जाई. मांडवाचा मान मालकाला मिळे. पाणी वाहणाऱ्यांचे नाव नोंदीत नाही. ज्या एका माळ्याचा उल्लेख झाला, तोही चमेली वाळली म्हणून. म्हणून दीडशे पानांची पंगत परत आणण्याचा आग्रह कोणी धरू नये. उचलायचा तो फक्त क्रम, आणि त्यासाठी महापालिकेला ना पुरोहित लागतो ना नवरी. रोपाच्या कंत्राटाचा मोठा हप्ता तिसऱ्या मे महिन्यानंतर, उभे झाड पाहून द्यावा, आणि माळ्याचा पगार त्याआधीपासून दरमहा द्यावा.