रॉबेन बेटावरचा मानोंग क्लब

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या तरुण मंडळाची दोन मंडळे झाली. मतभेद विचारांचे नव्हते. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब आणि मिरवणुकीत पुढे कोण, एवढ्यावर फाटले. दोन्ही बाजूंची मुले माझ्याकडे आली, कारण मी कॉलेजात इतिहास शिकवतो आणि वस्तीतला पहिला पदवीधर आहे. मी मंडळाची घटना आणि इतिवृत्ताची वही मागितली. घटना कोणी लिहिलीच नव्हती. वहीत दोन सभांनंतर कोरी पाने होती. देशाची घटना लिहिणाऱ्याची जयंती आपण करतो, आणि आपल्या मंडळाला घटना नाही! त्या रात्री मला दक्षिण आफ्रिकेतल्या एका फुटबॉल क्लबाची आठवण झाली. तो तुरुंगात जन्मला. त्याचा इतिहास इथे मांडतो आहे तो खेळाच्या हौसेपायी नव्हे.

केपटाऊनसमोरच्या समुद्रात रॉबेन बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम पाच चौरस किलोमीटर. समाजाला जे नकोत त्यांना तिथे टाकायचे, ही तिथली जुनी रीत. १८४६ ते १९३१ या काळात तिथे कुष्ठरोग्यांची वसाहत होती. १९६०नंतर वर्णद्वेषी सरकारने तिथे काळे राजबंदी डांबले. दिवसभर खाणीत दगड फोडायचे, रात्री थंड फरशीवर झोपायचे. त्यातही प्रतवारी होती. भारतीय वंशाच्या कैद्याला पूर्ण विजार, आफ्रिकी कैद्याला अर्धी चड्डी. भारतीयाला पाव, आफ्रिकीला पाव नाही. १९६४ साली मंडेलांबरोबर शिक्षा झालेल्या अहमद कथ्राडांना म्हणूनच पूर्ण विजार मिळाली. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटली ती हीच. पीडितांनी एकमेकांकडे खालीवर पाहत राहावे, मालकाकडे पाहू नये, हा तिचा हेतू.

अशा तुरुंगात कैद्यांनी फुटबॉल खेळू देण्याची मागणी केली. चिंध्या आणि कागदाचे चेंडू करून ते कोठड्यांत चोरून खेळत होतेच. आता त्यांना तो हक्क म्हणून हवा होता. दर आठवड्याला मागणी करायची, त्याबद्दल उपासमार सोसायची, पुढच्या आठवड्यात पुन्हा मागायचे. सुमारे तीन वर्षे हे चालले. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचा दबाव वाढला आणि १९६७च्या डिसेंबरात परवानगी मिळाली. मैदान कैद्यांनी स्वतः सपाट केले. किनाऱ्यावर वाहून आलेल्या मासेमारीच्या जाळ्यांतून गोलांच्या जाळ्या केल्या. मंडेला आणि इतर नेते मात्र वेगळ्या विभागात बंद होते. त्यांना खेळायला मनाई होती.

१९६९ साली ‘मकाना फुटबॉल असोसिएशन’ स्थापन झाली. मकाना हा खोसा लोकांचा योद्धा. १८१९ साली त्याने इंग्रजांच्या ग्रॅहम्सटाऊन ठाण्यावर हल्ला चढवला, याच बेटावर कैद झाला आणि निसटताना बुडाला. संघटनेने फिफाच्या नियमांनुसार घटना लिहिली. तीन श्रेणींत सामने, पंचांचे प्रशिक्षण, तक्रारीची सुनावणी, अपील, शिस्तभंगाची कारवाई, सगळे लेखी. गंमत अशी, की दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या फुटबॉल संघटनेला वर्णद्वेषामुळे फिफाने १९६१ साली निलंबित केले होते. मध्यंतरी निलंबन उठले, १९६४ साली पुन्हा लागू झाले आणि १९७६ साली हकालपट्टीच झाली. म्हणजे फिफाचे नियम मालकांनी मोडले आणि कैद्यांनी पाळले.

क्लबांची नावे रुबाबदार नव्हती. एकाचे नाव दित्शित्शिदी, म्हणजे ढेकूण. मानोंग म्हणजे गिधाडे. या मानोंगचे महत्त्व मला सर्वांत अधिक वाटते. पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेस १९५९ साली आफ्रिकन नॅशनल काँग्रेसमधून फुटून निघाली होती. तुरुंग एक, शत्रू एक, तरी दोन्ही पक्षांच्या माणसांत कडवट अबोला. फुटबॉलचे क्लबही पक्षवार निघाले. मानोंगने मात्र पक्ष न विचारता खेळाडू घेतले. टोनी सुझे हा त्याचा नामांकित खेळाडू. बेटावरच्या बलाढ्य संघांत मानोंगची गणना झाली. पण एका पासची वाट पाहताना दुसऱ्या पक्षाच्या माणसावर विश्वास टाकावा लागतो, हे त्याने दाखवले, ती कमाई मला चषकाहून मोठी वाटते.

ही माणसे देवदूत नव्हती. १९७०च्या अखेरीस ‘अटलांटिक रेडर्स’ नावाचा तगड्या खेळाडूंचा संघ, वादग्रस्त गोलमुळे, दुबळ्या समजल्या गेलेल्या ‘ब्लू रॉक्स’कडून हरला. रेडर्सचे खेळाडू निषेध म्हणून मैदानातच आडवे झाले. प्रकरण अनेक महिने चालले; अर्ज, उत्तरे, सुनावण्या. संघटना डळमळली, पण फुटली नाही. भांडायला कागद होता, कागदाला मान होता.

या संघटनेचे अध्यक्षपद सांभाळलेले दिकगांग मोसेनेके पंधराव्या वर्षी पकडले गेले आणि बेटावर दहा वर्षे राहिले. पुढे ते देशाचे उपमुख्य न्यायमूर्ती झाले. त्याच मैदानावर खेळलेले आणि पंचगिरी केलेले जेकब झुमा राष्ट्राध्यक्ष झाले. झुमांच्या खासगी घरावरील सरकारी खर्चाच्या प्रकरणात त्यांनी घटनेचे पालन केले नाही, असा निवाडा घटनात्मक न्यायालयाने २०१६ साली दिला. त्या न्यायपीठावर मोसेनेके होते. एकाच तुरुंगात, एकाच नियमपुस्तकाखाली वाढलेली ही दोन माणसे! तेव्हा दुःख भोगले म्हणून माणूस आपोआप न्यायी होत नाही, हे आपणही ध्यानी घ्यावे. न्यायाची सवय लावून घ्यावी लागते, आणि तरीही सत्ता ती मोडू शकते. म्हणूनच नियम माणसापेक्षा टिकाऊ असावे लागतात.

२००७ साली फिफाने मकाना संघटनेला मानद सदस्यत्व दिले. तिचे हस्तलिखित कागद वेस्टर्न केप विद्यापीठाच्या संग्रहात जपले आहेत. कागदाचा तुकडाही जिथे मागून घ्यावा लागे, तिथल्या माणसांनी इतिवृत्ते लिहून ठेवली.

आमच्या दोन्ही मंडळांची मुले येत्या रविवारी एकत्र बसणार आहेत. वर्गणीचा वाद मिटेल की नाही, सांगता येत नाही. इतिवृत्त कोणी लिहायचे हे मात्र आधी ठरवा, असे मी त्यांना बजावले आहे.