खेडची लढाई ताराबाईंनी जिंकली असती तर?

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण तो आपल्या पायाखालच्या जमिनीचा आहे.

वारणा नदी सगळ्यांना माहीत आहे. अलीकडे सांगली जिल्हा, पलीकडे कोल्हापूर. शिराळ्याच्या लेकी शाहूवाडीत दिलेल्या, पन्हाळ्याकडच्या लेकी वाळव्यात आलेल्या. नदी ओलांडताना कुणाच्या मनात हद्द वगैरे काही येत नाही. पण ही हद्द पावणेतीनशे वर्षांहून जुनी आहे. १७३१ साली छत्रपतींच्या घरातल्या दोन चुलतभावांनी तह केला आणि वारणेच्या उत्तरेला सातारा, दक्षिणेला कोल्हापूर अशी वाटणी झाली. त्याआधी चोवीस वर्षं घरातलंच युद्ध चाललं होतं. मराठ्यांनी मराठ्यांशी केलेलं.

हे युद्ध आपल्याला कसं सांगतात? "ताराबाई हट्टी होती, तिनं पुतण्याला गादी दिली नाही, म्हणून भाऊबंदकी झाली." एका ओळीत बाईवर ठपका ठेवून मोकळे. म्हणून आज जरा थांबून विचार करू. निकाल वेगळा लागला असता तर काय झालं असतं? असा विचार केला की खरं काय बिघडलं ते नीट दिसतं.

आधी घडलं ते सांगते. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले. ताराबाई तेव्हा पंचविशीच्या. औरंगजेब स्वतः महाराष्ट्रात तळ ठोकून होता आणि एकेक किल्ला घेत होता. त्यांनी लहानग्या मुलाला, शिवाजीला, गादीवर बसवलं आणि कारभार स्वतः हातात घेतला. सात वर्षं लढा दिला. किल्ले गेले, त्यातले बरेच परत घेतले, आणि मराठ्यांच्या फौजा थेट माळव्यात, गुजरातेत जाऊ लागल्या. खाफीखान हा मुघलांच्या बाजूचा इतिहासकार. मराठ्यांवर त्याचा राग. पण ताराबाईंची हुशारी आणि कारभार त्यानंही मान्य केला आहे.

१७०७ मध्ये औरंगजेब नगरजवळ मेला. आणि मुघलांनी एक डाव टाकला. संभाजी महाराजांचे पुत्र शाहू लहानपणापासून सतरा-अठरा वर्षं त्यांच्या कैदेत होते. त्यांना सोडून दिलं. पण त्यांची आई येसूबाई यांना मात्र ओलीस ठेवून घेतलं. मुलगा घरी, आई शत्रूकडे. म्हणजे मराठ्यांच्या घरात भांडण लागावं आणि दोरी आपल्या हातात राहावी, हा हिशोब.

शाहूंचं म्हणणं असं, की थोरल्या घराचा वारस मी, गादी माझी. ताराबाईंचं म्हणणं असं, की संभाजीराजांचं राज्य मुघलांनी बुडवलं. आज उभं आहे ते राजाराम महाराजांनी आणि आम्ही रक्त सांडून राखलेलं. शाहू हा तोतया आहे, असंही त्यांच्या बाजूनं पसरवलं गेलं. ते खरं नव्हतं. पण 'राखलं कुणी' हा प्रश्न खोटा नव्हता.

१२ ऑक्टोबर १७०७ ला भीमेच्या काठी खेडला, म्हणजे आजच्या राजगुरुनगरला, दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव ऐन वेळी शाहूंना मिळाले. लढाई तिथंच संपली. जानेवारी १७०८ मध्ये शाहूंनी साताऱ्याला राज्याभिषेक करून घेतला. ताराबाई पन्हाळ्याकडे गेल्या आणि तिथून कोल्हापूरची गादी उभी राहिली.

आता पहिला 'तर'. धनाजी जाधव फिरले नसते तर? शाहू हरले असते आणि सातारची एकच गादी राहिली असती, ताराबाईंच्या मुलाची. बाळाजी विश्वनाथ हे धनाजींच्या हाताखाली वसुलीचं काम बघत. ते शाहूंच्या बाजूला गेले म्हणून १७१३ मध्ये पेशवे झाले. शाहू हरते तर पेशवाई पुण्यात वाढली असती का, शनिवारवाडा उभा राहिला असता का, सांगता येत नाही. पण एक गोष्ट फारशी बदलली नसती, असं मला वाटतं. सरदारांना वतनं, मुलूख देऊन आपल्या बाजूला ठेवायची रीत राजाराम महाराजांच्या काळातच सुरू झाली होती आणि ताराबाईंनाही ती मोडता आली नव्हती. म्हणजे खेडला कुणीही जिंकलं असतं तरी सरदार शिरजोर होणारच होते.

दोन गाद्या झाल्यामुळे मात्र सरदारांचा भाव आणखी चढला. तिकडे जास्त मिळतंय म्हटलं की तिकडे. धनाजींचा मुलगा चंद्रसेन १७११ मध्ये शाहूंना सोडून ताराबाईंकडे गेला आणि पुढे निजामाकडे. कान्होजी आंग्रे ताराबाईंच्या बाजूचे, त्यांना बाळाजी विश्वनाथांनी १७१४ मध्ये शाहूंकडे वळवलं. प्रत्येक वेळी काहीतरी देऊनच. राजा दोन असले की राजाची किंमत कमी होते आणि मधल्यांची वाढते.

म्हणून दुसरा 'तर' मला जास्त महत्त्वाचा वाटतो. वाटणी व्हायचीच होती, तर ती १७०७ मध्येच झाली असती तर? वारणेचा तह १७३१ चा. मधल्या चोवीस वर्षांत कोल्हापूरचे संभाजीराजे निजामाशी हात मिळवून बसले, आणि १७२८ मध्ये पालखेडला बाजीरावांनी निजामाला कोंडीत पकडलं तेव्हा तो बेत मोडला. आई येसूबाईंना दिल्लीहून घरी यायला १७१९ साल उजाडलं. आणि दोन राजे म्हणजे गावावर दोन हक्क, दोन वसुल्या. शेवटी जे कागदावर आलं ते आधी बसून बोलता आलं असतं. वाटणी झाली की नातं तुटतं असं आपण म्हणतो. पण वाटणी लांबली तर नात्याबरोबर घरही जातं.

तिसरा 'तर' इतिहासात फारसा कुणी विचारत नाही. गादी ताराबाईंच्या स्वतःच्या नावावर असती तर?

कारण त्या खेडला हरल्या तरी संपल्या नव्हत्या. संपल्या त्या १७१४ मध्ये. सवत राजसबाईंच्या बाजूनं कट झाला. ताराबाईंच्या मुलाला बाजूला करून राजसबाईंच्या मुलाला, संभाजीला, गादीवर बसवलं आणि ताराबाईंना मुलासह कैद केलं. चौदा वर्षांचा कारभार एका दिवसात गेला, कारण हक्क मुलामुळे होता. मुलगा उतरला की आईही उतरली. राजसबाईंचं बळही मुलाचंच. दोन बाया एकमेकींविरुद्ध उभ्या राहिल्या, कारण दोघींना सत्तेत जायचं दार एकच होतं, मुलगा. वारणेचा तह झाला तोही शाहू आणि संभाजी यांच्यात. ताराबाई साताऱ्याला आल्या, मान मिळाला, पण देखरेखीखाली.

शाहू वारल्यावर, वयाच्या पंचाहत्तरीत, त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी नातू म्हणून रामराजांना पुढे केलं, मग त्यांनाच सातारच्या किल्ल्यात कैद केलं. १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेऊन सांगितलं, हा माझा नातू नव्हे. मुलगा नाही तर नातू. स्वतःच्या नावानं दार उघडतच नव्हतं. डिसेंबर १७६१ मध्ये त्या वारल्या, पानिपतानंतर अकरा महिन्यांनी.

आणि या युद्धानं मागे काय ठेवलं? वारणेची हद्द राहिली. १८४८ मध्ये सातारच्या राजांनी घेतलेला दत्तक इंग्रजांनी मानला नाही आणि राज्य खालसा केलं. कोल्हापूर वाचलं, १९४९ पर्यंत टिकलं. त्याच गादीवर दत्तक आलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ मध्ये मागासलेल्यांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या. ताराबाई खेडला जिंकत्या तर कोल्हापूरची वेगळी गादी बहुधा झालीच नसती. हरलेल्या बाईनं उभी केलेली गादी, तिला कैद करणाऱ्या सवतीच्या वंशानं चालवली, आणि तिथून पुढे हे निघालं. असा 'जर-तर' कुणाच्याच सोयीचा नसतो.

पण तिसऱ्या 'तर'चं उत्तर आपल्याला आज देता येतं. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे. तरीही गटाच्या कर्जासाठी उतारा काढला की त्यावर सासऱ्याचं, नवऱ्याचं, मुलाचं नाव. राबणारीचं नाव नाही. आणि माहेरी हक्कसोडपत्रावर सही करून भावाला जमीन सोडायची, हे तर ठरलेलंच. सही करायची की नाही हे जिचं तिनं ठरवावं. पण वाचून ठरवावं.

ताराबाईंनी राज्य चालवलं, कागद मुलाच्या नावाचा होता. या महिन्यात तलाठ्याकडून आपल्या घरचा सातबारा आणि आठ-अ काढून आणा. गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचा, आणि त्यात आपलं नाव कुठं आहे ते बघा.