कवेलूपासून स्लॅबपर्यंत

स्मरणिका समितीने मला 'सोसायटीचा आर्थिक इतिहास' लिहायला सांगितले होते. सदतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाकडून दुसरे काय मागणार! पण आर्थिक इतिहास दरवर्षीच्या अहवालात छापलेला असतो आणि तो कोणी वाचत नाही, हे माजी खजिनदार म्हणून मला चांगलेच ठाऊक आहे. म्हणून समितीला न विचारता मी विषय बदलला. आपल्या आमसभांत पाण्याच्या खालोखाल भांडणे झाली ती उन्हावरून. कोणाच्या एसीची गरम हवा कोणाच्या गॅलरीत येते, कोणाचा कूलर कोणाच्या भिंतीवर गळतो, तिसऱ्या मजल्याला मेन्टेनन्समध्ये सूट का नको, हे सगळे इतिवृत्तात नोंदलेले आहे. तेव्हा हा आपल्या नागपूरच्या उन्हाचा आणि घराचा इतिहास. त्यात माझाही एक वाटा आहे आणि तो मिरवण्याजोगा नाही. तो ओघात येईलच.

माझा जन्म १९५१ चा, वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात. आमचे घर मातीच्या भिंतींचे, भिंत चांगली दीड हात जाड, वर कवेलू. कवेलूच्या खाली लाकडी फळ्यांचा माळा, त्यावर मातीचा थर. माळ्यावर कापूस, धान्य आणि उंदीर. मे महिन्यात सकाळी नऊ वाजता आई खिडक्या-दारे लावून घेई आणि आम्हा पोरांना माजघरात कोंडून ठेवी. बाहेर लू चाललेली, आत अंधार आणि गारवा. संध्याकाळी अंगणात पाणी शिंपायचे, बाजा बाहेर काढायच्या आणि उघड्यावर झोपायचे. पंखा नव्हता, कारण वीजच नव्हती.

यातले शास्त्र मला फार उशिरा, निवृत्तीनंतर कळले. जाड मातीच्या भिंतीतून उष्णता फार सावकाश सरकते. दुपारचे ऊन आतल्या बाजूला पोचेपर्यंत रात्र झालेली असते, आणि रात्री घरात असतेच कोण? सगळे अंगणात! रात्री दारे उघडली की भिंती पुन्हा निवतात आणि दुसऱ्या दिवसासाठी तयार होतात. कवेलूचे काम वेगळे. ते पातळ, त्यामुळे उष्णता साठवून धरत नाही, आणि एकावर एक रचलेले असल्याने फटींतून तापलेली हवा निघून जाते. खालचा माळा म्हणजे दुसरी छत्री. एका छत्रीने ऊन झेलायचे, मधल्या हवेने ते बाहेर टाकायचे, दुसरीखाली आपण बसायचे.

शाळेची सहल सेवाग्रामला गेली तेव्हा बापू कुटी पाहिली. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले, त्या वेळी गावाचे नाव शेगाव होते. त्याच माती-बांबूच्या भिंती, तेच कवेलू. आम्हा पोरांची निराशाच झाली. एवढा मोठा माणूस आणि घर आमच्यासारखेच! आमच्या गुरुजींनी त्यावर काय सांगितले ते आठवत नाही, पण आत थंड वाटले होते एवढे पक्के आठवते.

सरकारी संहितांमध्ये देशाचे पाच हवामान-विभाग केलेले आहेत. त्यात आपण 'संमिश्र' विभागात मोडतो: तीन-चार महिने कोरडी भट्टी, मग दमट, मग थोडी थंडी. आपण साधारण २१ अक्षांशावर आहोत, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. आपल्या आज्यांनी ज्याला नवतपा म्हटले ते दिवस नेमके हेच. याचा घराशी संबंध असा: उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला ऊन फारसे लागत नाही, कारण सूर्य वर असतो. मार बसतो तो छताला. आणि पूर्व-पश्चिमेच्या भिंतींना, कारण सकाळ-संध्याकाळ तो तिरपा, थेट खिडकीतून आत येतो. म्हणून घर पूर्व-पश्चिम लांबट बांधावे, मोठ्या खिडक्या उत्तर-दक्षिणेला ठेवाव्यात, पश्चिमेला जिना, संडास, कोठीची खोली अशी बिनमहत्त्वाची कामे द्यावीत, एवढे तीन नियम पाळले तरी निम्मे काम होते. आपला रस्ता पश्चिमेला. आपल्या सगळ्यांना हॉलमधून रस्ता दिसायला हवा होता. पुढचे काय सांगू!

इंग्रज अधिकाऱ्यांनी सिव्हिल लाइन्सचे बंगले बांधले तेव्हा त्यांनी हे बरेचसे ओळखले होते. चहूबाजूंनी व्हरांडा, उंच छत, छताजवळ झरोके, दारांना वाळ्याच्या ताट्या आणि त्यांवर पाणी मारायला माणूस. आपला कूलर म्हणजे त्या ताट्यांना पंखा जोडलेला. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेएवढी उष्णता हवेतून ओढून घेते. म्हणूनच कोरड्या एप्रिल-मे महिन्यांत कूलर राजा असतो आणि जूनमध्ये ढग आले की नुसता चिकचिकाट करतो, कारण आधीच ओली असलेली हवा आणखी पाणी घेत नाही. एसीची जन्मकथा तर गमतीची आहे. विलिस कॅरियर या अमेरिकन इंजिनिअरने १९०२ साली तो माणसांसाठी बनवलाच नव्हता. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत होता, त्या कागदासाठी बनवला होता.

मग कवेलू गेले कुठे? जुने ते सोने म्हणणाऱ्यांना मी इथे थांबवतो. कवेलूच्या घराचा जाच मी भोगला आहे. माकडांची टोळी एकदा छपरावरून गेली की अर्धे कवेलू फुटलेले. दर मृगाच्या आधी घर शाकारायला गडी बोलवायचे, तरी पहिल्या पावसात भांडी मांडून ठेवायची. विंचू पडायचे. आईचा स्लॅबचा हट्ट फॅशन म्हणून नव्हता. तिला एक पावसाळा कोरडा झोपायचा होता.

आणि इथे बँक येते. मी १९७४ साली नोकरीला लागलो. आमच्या बँकेत कर्जाच्या कागदांवर घराचा प्रकार लिहावा लागे: पक्के की कच्चे. सिमेंटचा स्लॅब म्हणजे पक्के. दीड हाताच्या मातीच्या भिंतीचे, शंभर वर्षे उभे असलेले घर कच्चे. कच्च्या घराचे मूल्यांकन तळाला, म्हणजे त्यावर कर्ज नाही. मग शेतकरी काय करणार? सावलीचे घर पाडून चार इंची स्लॅबची खोली बांधायचा. त्या काळी सिमेंट मिळवणेही सोपे नव्हते. त्यावर सरकारी नियंत्रण होते, १९८२ मध्ये अर्धवट सुटले आणि १९८९ मध्ये पूर्ण. परमिटसाठी लोक खेटे घालत आणि परमिट मिळाले की पेढे वाटत. नियंत्रण उठल्यावर तर गावोगाव छपरे बदलली. त्यांतल्या कितीतरी घरांच्या कर्जमंजुरीवर माझी सही आहे. एका गावात अशाच नव्या घराच्या वास्तुशांतीला गेलो होतो. म्हातारे मालक नव्या खोलीत पाहुण्यांना बसवून स्वतः गोठ्यात जाऊन निजले होते. मी त्या वेळी हसलो होतो.

चार-पाच इंचांचा उघडा स्लॅब दुपारभर तापतो आणि तीन-चार तासांनी ती उष्णता खाली सोडू लागतो, म्हणजे नेमके आपण संध्याकाळी घरी येऊन पंखा लावतो तेव्हा. पंखा वरची तापलेली हवा खाली ढकलतो. रात्री अकराला छताला हात लावला तर चटका बसतो, तो यामुळे. भर दुपारी गच्चीच्या एका चौरस मीटरवर साधारण एक किलोवॅट ऊन पडते. आपली गच्ची सुमारे चारशे चौरस मीटरची आहे. म्हणजे हजार वॅटच्या चारशे शेगड्या, आणि खाली बिऱ्हाडे.

यावर सिमेंट न सोडताही उपाय आहेत, हे आपल्याच देशातल्या लोकांनी दाखवून दिले होते. लॉरी बेकर हे मूळचे बर्मिंगहॅमचे. मुंबईत त्यांची गांधीजींशी भेट झाली. आदर्श घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या सामानातून बांधावे, हा गांधीजींचा विचार ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. केरळात तिरुवनंतपुरमला त्यांनी शेकडो घरे बांधली. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचायच्या, म्हणजे नऊ इंची भिंतीच्या पोटात पोकळी राहते. विटा सुमारे पाव भागाने वाचतात आणि अडकलेली हवा उष्णता रोखते. स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीट ताण घेत नाही, तो सळ्या घेतात, मग तिथे काँक्रीटऐवजी जुनी मंगलोरी कौले घालायची. वजन कमी, खर्च कमी, उष्णताही कमी. मात्र बेकरांच्या जाळीदार भिंती जशाच्या तशा नागपुरात आणल्या तर लू घरात येईल. तिथे दमट हवा वाहती ठेवायची असते, इथे दिवसा घर बंद आणि रात्री उघडे.

दुसरे उदाहरण बाळकृष्ण दोशींचे. ते पुण्याचे, जन्म १९२७ चा. २०१८ साली त्यांना वास्तुकलेतला प्रिट्झकर पुरस्कार मिळाला, आणि तो मिळवणारे ते पहिले भारतीय. १९८० च्या सुमारास त्यांनी अहमदाबादला 'संगत' हे आपले कार्यालय बांधले. अर्धे जमिनीखाली, वर कमानीसारखी छपरे, छपराच्या पोटात मातीच्या पोकळ नळ्या आणि अंगावर फुटक्या चिनीमातीच्या पांढऱ्या तुकड्यांची नक्षी. मी मुलाकडे अहमदाबादला गेलो असताना मुद्दाम बाहेरून पाहून आलो. फुटक्या कपबशांचा असा उपयोग पाहून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "आपल्या घरात तर सामान तयारच आहे."

आता आपली गोष्ट. १९९९ साली आपल्या इमारतीचे काम पहिल्या मजल्यावर असताना अंदाजपत्रक वाढले. आर्किटेक्टच्या नकाशात तीन गोष्टी होत्या: गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर चायना मोझॅक, पश्चिमेच्या खिडक्यांवर अडीच फुटांचे छज्जे, आणि बाजूला उभ्या आडभिंती. कुठेतरी कात्री लावायलाच हवी होती. सोळापैकी काही सभासदांचे हप्ते थकलेले होते. मी खजिनदार. आकडेमोड मी केली आणि मांडणीही मी केली: छज्जे नऊ इंच, आडभिंती रद्द, कोब्याऐवजी नुसता वॉटरप्रूफिंगचा गिलावा. वाचले एक लाख दहा हजार रुपये. ठराव एकमताने मंजूर झाला. माझा फ्लॅट पहिल्या मजल्यावर आहे, हे त्या वेळी कोणाच्या लक्षात आले नाही. माझ्याही आले नाही असे मी आजवर स्वतःला सांगत आलो आहे.

२०१३ च्या मे महिन्यात पारा ४७ च्या पुढे गेला. त्या आठवड्यात दोन रात्री वीज गेली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना उष्माघात झाला. चौघांनी खुर्चीवर बसवून त्यांना जिन्याने खाली आणले, त्यात मी एक होतो. त्यांच्या घरात शिरलो तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते आणि भाकरी भाजायच्या तव्याजवळ उभे राहावे तशी वरून धग येत होती. तेरा वर्षांत मी त्या घरात रात्री कधी गेलोच नव्हतो. आजी आठ दिवसांनी दवाखान्यातून परतल्या, पण पुढचे सगळे उन्हाळे त्यांनी लेकीकडे अमरावतीला काढले. शेवटचाही तिथेच. आपल्या घरी मरायचे होते, असे त्या म्हणत असत, हे त्यांच्या सुनेने मला नंतर सांगितले. तिने ते तक्रार म्हणून सांगितले नाही.

पुढच्या वर्षी गच्चीवर पांढरा चुना मारून घेतला. डिंक आणि चुना मिळून खर्च चार हजारांच्या आत. मी थर्मामीटर घेऊन आठ दिवस तिसऱ्या मजल्यावर दुपारी चारला नोंदी केल्या, आधी आणि नंतर. छताजवळ चार-पाच अंशांचा फरक पडला. पण चुना पावसात धुऊन जातो, धुळीने राखी होतो, आणि दर वर्षी कोणी मारायचा यावर आपले पुन्हा भांडण.

२०१८ च्या डिसेंबरात केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' काढली. आतल्या-बाहेरच्या तापमानात एक अंशाचा फरक असताना छताच्या एका चौरस मीटरमधून १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये, असे तिच्यात म्हटले आहे. नुसत्या स्लॅबचा आकडा तीनच्या वर जातो. ही संहिता नव्या बांधकामांसाठी आहे, आपल्यासारख्या जुन्या इमारतीला लागू नाही. पण आकडा आपल्यालाही कळायला हरकत नाही.

येत्या आमसभेपुढे दोन प्रस्ताव आहेत: एक, प्रवेशद्वाराला ग्रॅनाइट आणि काचेचा दर्शनी भाग. दुसरा, गच्चीवर उष्णतारोधक थर, त्यावर कोबा आणि पांढरे चायना मोझॅक, शिवाय पश्चिमेच्या खिडक्यांना पत्र्याचे रुंद छज्जे. निधी एकालाच पुरेल. १९९९ च्या ठरावाखाली माझी सही आहे, इतिवृत्त कार्यालयातल्या कपाटात आहे, कोणीही पाहावे. माझी सूचना एवढीच की ही सभा नेहमीप्रमाणे पार्किंगमध्ये न घेता मे महिन्यात, संध्याकाळी सात वाजता, तिसऱ्या मजल्यावरच्या एखाद्या हॉलमध्ये घ्यावी. कूलर बंद ठेवावा. मतदानापूर्वी चहा गरमच द्यावा.